धागा: बर्ड फ्लूचा विषाणू औषधाला दाद देईनासा का होतो? जनुकांतले बदल, ते वाचताना होणारे घोळ आणि ठाणे-नवी मुंबईपुरतं काय करायचं

सूक्ष्मदर्शी (ऐरोली)

जानेवारी २०२१ मध्ये घोडबंदर रोडला बगळे मरून पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये कोंबड्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. अशा प्रत्येक वेळी दोन निरोप फिरतात. एक, "टॅमिफ्लू आहे ना, मग घाबरायचं काय". दुसरा, "विषाणू बदललाय, आता कुठलंच औषध लागू पडत नाही". दोन्ही चूक आहेत आणि दोन्हींनी नुकसान होतं, म्हणून हा धागा.

पाया आधी. इन्फ्लुएंझा ए चा जनुकसंच आरएनएच्या आठ तुकड्यांचा, एकूण साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा. त्याच्या नकला काढणाऱ्या पॉलिमरेज या एन्झाइमकडे चुका तपासायची सोय नसते. एका आजारी कोंबडीच्या अंगात अब्जावधी विषाणू तयार होतात, त्यामुळे कुठल्याही एका अक्षराचा बदल त्या गर्दीत कुठेतरी आधीपासून असतोच. औषध तो बदल घडवत नाही. बाकीच्यांना मारून त्या एकाला मोकळं रान करून देतं.

वापरातली औषधं मुख्यतः तीन ठिकाणी मारा करतात.

सातव्या तुकड्यातलं एम२ हे विषाणूच्या कवचातलं प्रोटॉन आत सोडणारं छिद्र. अमँटाडिन आणि रिमँटाडिन ते बुजवतात. २६, २७, ३०, ३१ आणि ३४ या जागांपैकी एकीवरचं अमिनो आम्ल (प्रथिनाच्या माळेतला एक मणी) बदललं की औषध निकामी. सगळ्यांत जास्त सापडतो एस३१एन: ३१ व्या जागेचा कोडॉन (एक अमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरं) एजीटीचा एएटी होतो, सेरीनच्या जागी अ‍ॅस्पॅरजीन येतं. हा बदल विषाणूला जवळजवळ फुकटात पडतो, वाढीत काही कमी होत नाही, म्हणून एकदा आला की जात नाही. आजच्या हंगामी फ्लूत तो जवळपास सगळीकडे आहे. २००४-०५ च्या व्हिएतनाम-थायलंडमधल्या एच५एन१ मध्येही होता.

सहाव्या तुकड्यातलं न्यूरामिनिडेज म्हणजे तयार झालेल्या विषाणूला पेशीपासून सोडवणारी कात्री. ओसेल्टामिव्हिर (टॅमिफ्लू), झानामिव्हिर, पेरामिव्हिर आणि लानिनामिव्हिर इथे बसतात. इथला प्रसिद्ध बदल एच२७५वाय: सीएसीचं टीएसी, हिस्टिडिनच्या जागी टायरोसिन.

तिसऱ्या तुकड्यातलं पीए हे पेशीच्या एमआरएनएचं टोक कापून घेणारं एंडोन्यूक्लिएज. बॅलोक्झाव्हिर त्याला अडवतं. इथली कळीची जागा ३८: आयसोल्युसिनच्या जागी थ्रिओनिन, मेथिओनिन किंवा फिनाइलअ‍ॅलनिन. थ्रिओनिनला एकच अक्षर पुरतं, एटीटीचं एसीटी.

बर्ड फ्लूच्या बातमीत नुसतं "म्युटेशन आढळलं" असं असेल तर तीन प्रश्न विचारायचे: कुठला तुकडा, कितवी जागा, आणि नमुन्यात त्याचं प्रमाण किती. ही उत्तरं नसतील तर त्या बातमीवरून औषधाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

रसायनरंग (कळवा)

उत्तम धागा. एक शंका आहे. एच२७५वाय असलेल्या विषाणूवर ओसेल्टामिव्हिर चालत नाही पण झानामिव्हिर चालतं, असं वाचलंय. दोन्ही एकाच खाचेत बसतात ना? मग हा भेद कशामुळे?

सूक्ष्मदर्शी (ऐरोली)

@रसायनरंग, सगळी मेख औषधाच्या बाजूच्या साखळीत आहे. न्यूरामिनिडेजचं नैसर्गिक खाद्य सायलिक आम्ल. त्याच्या एका बाजूला ग्लिसरॉलची पाण्याला धरून राहणारी शेपटी असते. झानामिव्हिर बनवताना ती शेपटी तशीच ठेवली, त्यामुळे एन्झाइमला आपली रचना हलवावी लागत नाही. ओसेल्टामिव्हिरमध्ये तिथे तेलकट स्वभावाचा पेंटिलॉक्सी गट आहे, कारण औषध तोंडावाटे शोषलं जायला हवं होतं. तो गट बसायचा तर २७६ नंबरच्या ग्लुटामिक आम्लाला वळून २२४ च्या आर्जिनिनशी बंध करावा लागतो. तेव्हाच तिथे तेलकट पोकळी तयार होते.

२७५ वर हिस्टिडिनऐवजी जाडजूड टायरोसिन आलं की ते २७६ ला पुढे ढकलतं, त्याला वळता येत नाही आणि पोकळी होत नाही. सायलिक आम्ल आणि झानामिव्हिर यांना त्या पोकळीची गरजच नसते. म्हणून एन्झाइमचं रोजचं काम चालू राहतं, झानामिव्हिर चालतं, ओसेल्टामिव्हिर पडतं. पेरामिव्हिरलाही तेलकट गट आहे, त्यामुळे तेही बरंच कमजोर होतं. ओसेल्टामिव्हिर चालेना म्हणून शिरेतून पेरामिव्हिर देऊ, हा विचार एच२७५वाय असताना फसतो.

हे गणित सगळ्या न्यूरामिनिडेजना लागू नाही. विषाणूच्या नावातला एन म्हणजे न्यूरामिनिडेजचा प्रकार, एच५एन१ मध्ये एन१. एन१, एन४, एन५, एन८ हा एक गट. एन२, एन३, एन६, एन७, एन९ हा दुसरा. एन१ मध्ये शेजारच्या २५२ जागेवर टायरोसिन असतं, जागा आधीच दाटीची. एन२ मध्ये तिथे लहान थ्रिओनिन असतं, म्हणून नवं टायरोसिन तिकडे कलतं आणि औषधाच्या वाटेत येत नाही. त्यामुळे एन२ मध्ये हा बदल झाला तरी ओसेल्टामिव्हिर चालतं. एन२ आणि एन९ मध्ये बघायचं ते ई११९व्ही आणि आर२९२के. यातला आर२९२के जास्त वाईट. २९२ चं आर्जिनिन औषधाच्या कार्बॉक्सिल टोकाला थेट धरतं, ते गेलं की ओसेल्टामिव्हिर आणि पेरामिव्हिर जवळपास निकामी होतात आणि झानामिव्हिरही कमी पडतं. चीनमध्ये २०१३ च्या एच७एन९ साथीत औषध घेत असलेल्या काही रुग्णांत हाच बदल सापडला.

आपल्याकडे याचा थेट संबंध आहे. मेळघाटात २०१९ साली एका लहान बाळाच्या नमुन्यात एच९एन२ मिळाला होता. तो एन२. तिथे २७५ पाहून काही कळणार नाही, ११९ आणि २९२ बघायचे.

क्रमवाचक (खारघर)

आकड्यांच्या घोळाबद्दल लिहायलाच हवं, कारण अहवाल वाचताना निम्म्या चुका तिथेच होतात.

एच२७४वाय आणि एच२७५वाय हा एकच बदल. पहिला आकडा एन२ च्या मोजणीने, दुसरा एन१ च्या. तसंच एन२९४एस म्हणजेच एन१ च्या मोजणीत एन२९५एस. एच७एन९ मधला आर२९२के एन९ च्या स्वतःच्या मोजणीत आर२९४के होतो. अहवालात कुठली मोजणी धरली आहे हे लिहिलेलं नसेल तर सरळ विचारा.

याहून मोठा खड्डा पुढे आहे. कोंबड्यांत रुळलेल्या अनेक एच५एन१ विषाणूंच्या न्यूरामिनिडेजच्या देठातली २० अमिनो आम्लं गळालेली असतात, ४९ ते ६८. प्रथिन ४६९ ऐवजी ४४९ चं होतं. अशा क्रमावर पहिल्या मेथिओनिनपासून सरळ मोजत २७५ वर गेलात तर भलतीच जागा दिसेल. बघायची जागा २५५ आहे. म्हणून आधी पूर्ण लांबीच्या संदर्भ क्रमाशी जुळवणी करायची आणि आकडा संदर्भावरचा घ्यायचा. आपल्याच क्रमावर मोजणारी स्क्रिप्ट "बदल नाही" असं खोटं उत्तर देते आणि कुणाला संशयही येत नाही.

एम२ ची वेगळी गंमत नाही, वेगळी अडचण आहे. सातव्या तुकड्याचं सुरुवातीपासून सरळ भाषांतर केलंत तर एम१ मिळतं. एम२ साठी २६ ते ५१ आणि ७४० ते १००७ हे दोन भाग जोडून मग भाषांतर करायचं. जोडणी एका अक्षराने जरी चुकली तरी चौकट सरकते आणि लवकरच थांबा-कोडॉन येतो. ९७ अमिनो आम्लं मिळाली तर जोडणी बरोबर.

आता पीए. आठही तुकडे एकदम वाढवायला दोन्ही टोकांच्या सामायिक अक्षरांवर बसणारे एमबीटी-युनि प्रायमर (नक्कल सुरू करून देणारे छोटे तुकडे) वापरतात. नमुन्यात आरएनए कमी असेल तर छोटे तुकडे भरभरून वाढतात आणि पीबी२, पीबी१, पीए हे तीन लांब तुकडे मागे पडतात. एनए (सहावा, न्यूरामिनिडेजचा) आणि एम (सातवा) हे तुकडे सुरेख वाचले गेले म्हणून पीएही वाचलं गेलं असं गृहीत धरू नका. ३८ व्या कोडॉनवर किती वाचनं आली, म्हणजे ती जागा किती वेळा वाचली गेली, ते वेगळं पाहा. तिथेही फसगत होऊ शकते. मधला भाग गळालेले सदोष तुकडे नमुन्यात असले तर टोकांकडची वाचनं फुगतात, आणि ३८ वा कोडॉन टोकाजवळच आहे. पीएच्या मधल्या भागातली वाचनांची संख्या तुलनेला घ्या. टोकाला पाच हजार आणि मध्ये चाळीस असेल तर ३८ वरचं प्रमाण पूर्ण विषाणूंचं आहे असं म्हणता येत नाही.

रसायनरंग (कळवा)

@क्रमवाचक, प्रमाण किती असलं की बदल खरा धरायचा?

क्रमवाचक (खारघर)

पद्धतीवर आहे. सँगरच्या, म्हणजे जुन्या क्रमवाचन पद्धतीच्या, आलेखात पाचातला एक भाग, म्हणजे सुमारे २० टक्के असल्याशिवाय दुसरं शिखर खात्रीने दिसत नाही. एकाच वेळी असंख्य तुकडे वाचणाऱ्या नव्या पद्धतींनी ५ टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण अटी आहेत. आरटी-पीसीआर (आरएनएच्या डीएनए नकला करून त्या वाढवणं) दोनदा वेगवेगळी केलेली हवी, दोन्हींत बदल दिसायला हवा आणि दोन्ही दिशांच्या वाचनांत यायला हवा. सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा; जितका मोठा तितका विषाणू कमी) ३० च्या वर असलेल्या नमुन्यात ५ टक्क्यांच्या बदलावर विश्वास ठेवू नका. मुळात रेणूच थोडे असल्यामुळे पहिल्या फेरीतली एक चूक पुढे वाढत जाते.

वाचन मूळ स्वॅबवरूनच करा. अंड्यात किंवा एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशींत वाढवलेल्या विषाणूत प्रमाण बदललेलं असतं, कधी औषधरोधक गट मरून जातो तर कधी उगाच वर येतो.

फलकवाचक (कोपरखैरणे)

जनुक वाचून अंदाज येतो, खातरजमा एन्झाइमवर होते. न्यूरामिनिडेजसाठी म्युनाना हे चमकणारं खाद्य वापरतात. विषाणू औषधाच्या चढत्या मात्रांबरोबर ठेवायचा, मग खाद्य घालून ३७ अंशांवर तासभर, मग अल्कधर्मी द्रावणाने क्रिया थांबवायची. सुमारे ३६० नॅनोमीटरचा प्रकाश पाडून ४५० च्या आसपासची चमक मोजायची. चमक निम्मी करणारी मात्रा म्हणजे आयसी५०. इन्फ्लुएंझा ए साठी जागतिक आरोग्य संघटनेचे निकष असे: संदर्भ विषाणूपेक्षा आयसी५० दहापटीपेक्षा कमी वाढली तर नेहमीसारखं, १० ते १०० पट वाढली तर कमी संवेदनशील, १०० पटीवर गेली तर अतिशय कमी. बॅलोक्झाव्हिरची चाचणी पेशींवर करतात आणि तिथे तीन पटीलाच कमी संवेदनशील म्हणतात. दोन औषधांच्या पटी एकमेकींशी ताडून बघणं म्हणून चूक आहे.

ही चाचणीही फसते आणि त्याचं नामी उदाहरण २०१३ चा शांघायचा एच७एन९ आहे. त्या नमुन्यात २९२ वर आर्जिनिनवाले आणि लायसिनवाले विषाणू मिसळलेले होते. लायसिनवाल्यांचं एन्झाइम मुळातच मंद, त्यामुळे सगळी चमक आर्जिनिनवाल्यांची आली आणि निकाल "औषध चालतं" असा दिसला. जनुक वाचलं म्हणून मिश्रण कळलं. दोन्ही चाचण्या हातात असल्याशिवाय आर२९२के नाकारू नये.

आणि जिवंत एच५एन१ वर हे काम बीएसएल-३ दर्जाच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेशिवाय होत नाही. साध्या पॅथॉलॉजी लॅबने हा विषाणू वाढवायचा विचारही करायचा नाही.

पशुवैद्य_शहापूर

फलकवाचक यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून शेडमधलं सांगतो. ठाणे जिल्ह्यात संशयित नमुना खाजगी लॅबकडे नेऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन करा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. नमुना पुण्याच्या औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातो. एच५ ची अंतिम खात्री तिथेच होते.

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा काडीमुळे आणि थंडाव्यामुळे. श्वासनलिकेचा एक आणि गुदद्वाराचा एक असे स्वॅब. टोक पॉलिएस्टर किंवा डॅक्रॉनचं, काडी प्लास्टिकची. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक पीसीआर अडवतात. २-३ मिली व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रावणात) टोक पूर्ण बुडालेलं हवं. २ ते ८ अंशांत ठेवून दोन-तीन दिवसांत पोहोचवायचा, उशीर होणार असेल तर थेट उणे ७०. घरगुती फ्रीजरच्या उणे २० मध्ये ठेवलेला नमुना विषाणू वाढवायच्या कामाचा राहत नाही. पॅकिंग तीन थरांचं: कुपी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस आणि गळती न होणारा डबा, मग बाहेरचा थंड खोका.

मेलेली कोंबडी शेडमध्ये फाडू नका. अख्खी दुहेरी पिशवीत घालून आइसपॅकसह द्या.

कुक्कुटमित्र (मुरबाड)

डॉक्टर, एक स्पष्ट विचारतो. चीनमध्ये कोंबड्यांच्या पाण्यातून अमँटाडिन दिलं जायचं असं ऐकलंय. मेडिकलमध्ये कंपवाताच्या गोळ्या म्हणून ते मिळतं. साथ शेजारच्या तालुक्यात आली की कुणी ना कुणी सुचवतोच. त्याने पक्षी वाचतील का?

पशुवैद्य_शहापूर

नाही. दादा, हे कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे थांबवा.

पाण्यातून दिलेल्या औषधाची मात्रा प्रत्येक पक्ष्याच्या पोटात वेगळी जाते. आजारी पक्षी पाणी पितच नाही, निरोगी भरपूर पितो. म्हणजे जिथे विषाणू जास्त तिथे औषध कमी. औषधरोधक विषाणू निवडून काढायला याहून सोयीची परिस्थिती नाही, आणि एम२ मध्ये तर एका अक्षरात काम होतं. वर मरतुक कमी झाली तर रोग दिसत नाही, विष्ठेतून विषाणू पडतच राहतो आणि आठवड्याने शेजारची शेडं बसतात. अंडी आणि मांसात औषधाचा अंश राहतो तो वेगळाच. चीनने २००५ मध्ये हा वापर बंद केला. अमेरिकेने २००६ मध्ये कोंबडी, टर्की आणि बदकांत अमँटाडिनचा गट आणि न्यूरामिनिडेजविरोधी औषधं दोन्हींवर बंदी घातली.

एच५ निघाला की आपल्याकडचं धोरण ठरलेलं आहे. १ किलोमीटरच्या बाधित क्षेत्रात पक्षी नष्ट करायचे, पुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, कळवायच्या आधी मेलेल्यांची मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कळवण्यात तुमचाही फायदा आहे.

एमडी_वाशी

माणसांच्या बाजूचं लिहितो, कारण इथेच मात्रेची गल्लत जिवावर बेतते.

हंगामी फ्लूच्या संपर्कानंतर ओसेल्टामिव्हिर प्रतिबंधासाठी ७५ मिग्रॅ दिवसातून एकदा देतात. बर्ड फ्लूच्या संपर्कात ही अर्धी मात्रा द्यायची नाही. ७५ मिग्रॅ दोनदा, ५ दिवस; संपर्क चालूच असेल, जसं पक्षी नष्ट करणारं पथक, तर १० दिवस. कारण सरळ आहे. तुम्ही प्रतिबंध समजून गोळी सुरू करता तेव्हा संसर्ग कदाचित झालेलाही असतो. एकदाच्या मात्रेत रक्तातली पातळी पुढच्या गोळीपर्यंत खाली येते आणि त्या फटीत एच२७५वाय वर येतो. २००५ मध्ये व्हिएतनाममधल्या एका मुलीत नेमकं हे नोंदवलं गेलं. तिला आधी प्रतिबंधाची मात्रा चालू होती. ती बरी झाली. त्याच वर्षी तिथल्याच आठ रुग्णांच्या अभ्यासात दोघांत हा बदल उपचार चालू असताना आला आणि दोघंही दगावले.

मोठ्यांना उपचाराची मात्रा ७५ मिग्रॅ दोनदा. लहान मुलांना वजनावर: १५ किलोपर्यंत ३०, २३ पर्यंत ४५, ४० पर्यंत ६० आणि त्यापुढे ७५ मिग्रॅ, सगळ्यांना दिवसातून दोनदा. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती गाळतं त्याचं माप, मिली प्रति मिनिट) ३० ते ६० असेल तर ३० मिग्रॅ दोनदा, १० ते ३० असेल तर ३० मिग्रॅ एकदा. इथे मात्रा कमी केल्याने औषधरोध वाढत नाही, कारण औषध शरीरातून उशिरा जातं आणि पातळी टिकते.

अहवालाची वाट पाहत औषध थांबवायचं नाही. मेलेल्या पक्ष्यांशी संपर्क आणि ताप-खोकला किंवा डोळे लाल, एवढ्यावर पहिल्या ४८ तासांत सुरू. उशीर झालेल्या गंभीर रुग्णालाही द्यायचंच. पाच दिवसांनी सुधारणा नसेल तर औषधाचे दिवस वाढवताना पुन्हा स्वॅब पाठवा, जमलं तर श्वासनलिकेतून. एच५एन१ खाली फुप्फुसात राहतो. नाकाघशातला नमुना नकारात्मक येऊ शकतो, आणि औषधरोधक गट तिथे न दिसता खाली असू शकतो.

औषधपेढी_नौपाडा

एमडी साहेबांच्या लिखाणाला पुस्ती. ओसेल्टामिव्हिर शेड्यूल एच-१ मध्ये येतं. चिठ्ठीशिवाय मागू नका, आम्हाला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपायची असते.

लहान मुलांच्या पातळ औषधात बाटलीवरचं प्रमाण आधी वाचा. १२ मिग्रॅ प्रति मिली आणि ६ मिग्रॅ प्रति मिली अशी दोन प्रमाणं असतात. ६० मिग्रॅसाठी पहिल्यात ५ मिली, दुसऱ्यात १० मिली. डॉक्टरांनी पहिल्या बाटलीच्या हिशोबाने मिलीत लिहिलं आणि हाती दुसरी बाटली आली तर मुलाला थेट अर्धी मात्रा जाते. चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहून घ्या. ताई-दादांनो, दुसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल "पुढच्या वेळेला" म्हणून डब्यात ठेवल्या जातात, ते करू नका. मळमळ होत असेल तर खाऊन घ्या. गोळी सोडण्याचं सगळ्यांत मोठं कारण तेच असतं.

बॅलोक्झाव्हिर एकच डोस असतो, ८० किलोखाली ४० मिग्रॅ. तो दूध, दही, कॅल्शियम किंवा अँटासिडबरोबर घ्यायचा नाही.

सूक्ष्मदर्शी (ऐरोली)

@औषधपेढी_नौपाडा, दुधाचा मुद्दा फार चांगला काढलात. बॅलोक्झाव्हिर पीएच्या खाचेतल्या मँगनीजच्या दोन आयनांना धरून बसतं, त्याचं काम त्यावरच चालतं. धातूला चिकटण्याच्या याच गुणामुळे पोटात कॅल्शियम भेटलं तर तिथेच अडकतं. ३८ वरचं आयसोल्युसिन धातूला धरत नाही, ते औषधाच्या बाजूला टेकू देतं. थ्रिओनिन आल्यावर टेकू जातो, पण एन्झाइमचं कापण्याचं काम बऱ्यापैकी चालू राहतं. हंगामी फ्लूच्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ९.७ टक्के लोकांत ३८ वरचा बदल नंतर दिसला, लहान मुलांत प्रमाण याहून जास्त. एकच डोस असल्यामुळे इथे "कोर्स पूर्ण करा" हा सल्ला कामाचा नाही. लवकर देणं आणि गंभीर रुग्णात दुसरं औषध जोडीला ठेवणं, एवढंच हातात आहे.

खाडीकाठ (नेरूळ)

औषध माणसाने घेतलं तर पक्ष्यातल्या विषाणूचा काय संबंध, असं बऱ्याच जणांना वाटतं. ओसेल्टामिव्हिर शरीरात कार्बॉक्सिलेट रूपात बदलतं आणि घेतलेल्या मात्रेचा बहुतेक भाग त्याच रूपात लघवीवाटे बाहेर पडतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला नेहमीचा जिवाणू-गाळ त्याला फारसं तोडत नाही. क्योटोत फ्लूच्या हंगामात प्रक्रिया केलेल्या पाण्यात ते लिटरमागे दोन-तीनशे नॅनोग्रॅमपर्यंत मोजलं गेलंय. स्वीडनमधल्या प्रयोगात एच१एन१ ची लागण केलेल्या मॅलार्ड बदकांच्या पाण्यात लिटरला एक मायक्रोग्रॅम एवढं ठेवलं, तर त्यांच्यात एच२७४वाय उभा राहिला.

ठाणे खाडीत हिवाळ्यात थापट्या आणि तलवार बदकं उतरतात, आणि हीच जात-जमात इन्फ्लुएंझाची नैसर्गिक वाहक आहे. दोन्ही काठांवरच्या शहरांचं पाणी याच खाडीत येतं. माझं स्पष्ट मत आहे की फ्लूच्या हंगामात केंद्रांच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात कार्बॉक्सिलेट मोजायला हवं. ओझोन दिल्यास ते बरंच तुटतं, पण आधी मोजणी. उरलेल्या कॅप्सूल कमोडमध्ये टाकू नका, एवढं तर प्रत्येकाला आजपासून जमेल.

रसायनरंग (कळवा)

@खाडीकाठ, पण औषधरोधक विषाणू औषध नसताना मागे पडतो ना? मग खाडीत तो टिकेल कसा?

क्रमवाचक (खारघर)

"मागे पडतो" हे २००७ पर्यंत सगळेच धरून होते. एच२७५वाय मुळे न्यूरामिनिडेजचा पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचणारा साठा घटतो, म्हणून विषाणू अशक्त होतो, हे खरं. पण २००७-०८ च्या हंगामी एच१एन१ मध्ये आधीच दुसरे बदल साचले होते आणि त्यांनी ती तूट भरून काढली. मग औषधाचा वापर फारसा नसलेल्या नॉर्वेतही औषधरोधक विषाणूच पुढे आले आणि वर्षभरात जगभर पसरले. २००९ चा नवा एच१एन१ आला म्हणून ती जात मागे हटली.

एच५एन१ मध्ये ताजं उदाहरण कॅनडातलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या आठ कुक्कुट फार्मांवर डी१.१ या जनुकप्रकारात एच२७५वाय मिळाला. या डी१.१ चं न्यूरामिनिडेज उत्तर अमेरिकेतल्या सौम्य विषाणूकडून अदलाबदलीत आलेलं आहे. आठ तुकडे सुटे असल्याचा अर्थच हा: बदल जागच्या जागी व्हावा लागतो असं नाही, बदललेला अख्खा तुकडा दुसऱ्या विषाणूत जाऊ शकतो. म्हणून सहाव्या तुकड्याचा वंश स्वतंत्र काढा, एच५ च्या वंशावरून धरून चालू नका. कॅलिफोर्नियातल्या काही मानवी नमुन्यांत एस२४७एन आणि एकात पीए आय३८एम मिळाला. एस२४७एन ने ओसेल्टामिव्हिर थोडंच कमी पडतं, उपचार बदलायची गरज नाही. तो एकटा दिसला तर नोंद करा, घबराट नको.

कुक्कुटमित्र (मुरबाड)

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. भोपाळचा अहवाल "एच५एन१ पॉझिटिव्ह" एवढाच येतो. औषधाबद्दल त्यात काही नसतं. पथकातल्या पोरांना गोळी चालेल की नाही हे कसं ठरवायचं?

एमडी_वाशी

@कुक्कुटमित्र, पथकाला गोळी त्या अहवालाची वाट न बघता सुरू करायची, दोनदावाली मात्रा. एच२७५वाय निसर्गातल्या एच५एन१ मध्ये आजही विरळच आहे, त्यामुळे सुरुवात ओसेल्टामिव्हिरनेच. पथकातल्या प्रत्येकाचं शेवटच्या संपर्कानंतर १० दिवस तापमान बघा, दोन वेळा. गोळी चालू असताना कुणाला ताप आला किंवा डोळे लाल झाले तर त्याला वेगळं ठेवा आणि जिल्हा आरोग्य विभागामार्फत त्याचा स्वॅब पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवा. फॉर्मवर ठळक लिहा: ओसेल्टामिव्हिर कधी सुरू केलं, किती मात्रा, शेवटची गोळी कधी घेतली. ही ओळ नसेल तर तिकडच्या माणसाला औषधरोध शोधायचं कारणच दिसत नाही.

पशुवैद्य_शहापूर

आणि पक्ष्यांच्या नमुन्याच्या फॉर्मवर शेडमध्ये गेल्या महिन्यात पाण्यातून काय काय दिलं ते सगळं लिहा, नाव माहीत नसलेली पुडी असली तरी. रिकामी पुडी किंवा बाटली फॉर्मला पिशवीत घालून जोडा.